पातूरची लेणी आणि पोखरणचा बुद्ध

अकोल्याहून वाशीमच्या एस.टी.त बसले की तासाभरात पातूर येते. कपाशी-तुरीचा सपाट मुलूख इथे सरतो आणि घाट लागतो. गावाजवळच्या टेकडीत काळ्या दगडातली लेणी आहेत. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केली आहेत. मुलाबाळांसह एकदा अवश्य जावे. छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरून माणसाने इथे शांत बसण्यापुरती जागा केली.

राजस्थानात पोखरणलाही जमीन खोल खणली गेली, पण ती स्फोटासाठी. 18 मे 1974 रोजी तिथे भारताची पहिली अणुचाचणी झाली. तिचे प्लुटोनियम आपल्या मुंबईच्या तुर्भ्यातील अणुभट्टीतले होते. तिला नाव मिळाले 'हसरा बुद्ध'! पुढे 11 मे 1998 रोजी पुन्हा स्फोट झाले, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही स्फोट केले. करुणेचे नाव संहाराला देणे आपल्या मनाला कसे पटावे?

दोघांकडे बॉम्ब असला की धाकाने कोणीच वापरत नाही, असे जाणकार म्हणतात. आजवर अणुयुद्ध टळले, हे खरे. पण हा धाक कोणाचीच चूक होणार नाही या भरवशावर उभा आहे. 9 मार्च 2022 रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात पडले. त्यावर स्फोटके नव्हती, म्हणून निभावले. ऐन तणावात तसे झाले असते तर?

त्यात पुढाऱ्यांच्या धमक्या. एप्रिल 2019 मध्ये बाडमेरच्या प्रचारसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी, आपले बॉम्ब काय दिवाळीसाठी ठेवलेत, असा सवाल केला. सप्टेंबरात इम्रान खान यांनी संयुक्त राष्ट्रसंघात अणुयुद्धाची भाषा केली. 2022 मध्ये रशियाच्या पुतिन यांनी अण्वस्त्र दले सज्ज ठेवली. धमकी देणाऱ्याला मागे फिरणे अवघड जाते आणि समोरचा ती खरी मानून तयारीला लागतो.

मरतो मात्र सामान्य माणूस. हिरोशिमात 1945 अखेर सुमारे 1 लाख 40 हजार माणसे गेली. घरे पाडण्याच्या कामाला जुंपलेली शाळकरी मुलेही त्यात होती.

अण्वस्त्र आधी वापरणार नाही, हे धोरण भारताने 2003 साली जाहीर केले. ते पाळणार का, असे मत मागायला येणाऱ्याला विचारा. आणि सभेत कोणी बॉम्बची धमकी दिली, तर टाळी वाजवू नका. धमकीला बळ टाळीचेच असते.