नवरा काय करतो? पुसतो!

लग्नाच्या पंगतीत हमखास येणारा प्रश्न : ‘मिस्टर काय करतात?’ पूर्वी ‘आयटीत आहेत’ एवढ्यावर सुटका व्हायची. हल्ली मावश्या-काकवा हुशार झाल्यात. त्यांची मुलं, सुना, जावई सगळे आयटीतच. ‘आयटीत म्हणजे नेमकं काय गं? अ‍ॅप बनवतात? ते एआय वगैरे?’ गेल्या मे महिन्यात नाशिकच्या एका लग्नात मी वैतागून खरं उत्तर देऊन टाकलं. म्हटलं, ‘नाही हो काकू, तो कोड पुसतो.’ काकूंनी हळूच माझा हात दाबला. त्यांना बहुतेक वाटलं, नोकरी गेलीय.

नोकरी शाबूत आहे. नवऱ्याची कंपनी ऑफिसांसाठी डेटा साठवायची यंत्रं बनवते. बुटांच्या खोक्याएवढा डबा, आत हार्ड डिस्का. त्या डब्याला ना स्क्रीन ना माउस. त्याच्याशी बोलायचं ते काळ्या खिडकीत कमांड टाइप करून. फायलींची यादी दाखव, कॉपी कर, हलव, पुसून टाक, डिस्क तपास. यातल्या प्रत्येक हुकमामागे एक छोटासा प्रोग्रॅम असतो. हे प्रोग्रॅम कोणी तरी सात-आठ वर्षांपूर्वी लिहिले, मग दुसऱ्यानं त्यात भर घातली, मग तिसऱ्यानं. आणि आता माझा नवरा ते स्वच्छ करतोय.

तुम्ही म्हणाल, आमचा या डब्याशी काय संबंध? तुमच्या पर्समध्ये अँड्रॉइड फोन असेल तर आहे. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून त्यात ‘टॉयबॉक्स’ नावाचा प्रोग्रॅम असतो. रॉब लँडली नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं तो 2006 मध्ये सुरू केला. हा एक नंबरचा बहुरूपी. ‘एलएस’ म्हणून हाक मारा, फायलींची यादी देतो. ‘सीपी’ म्हणा, कॉपी करतो. ‘आरएम’ म्हणा, पुसतो. प्रोग्रॅम एकच, नावं ढीगभर. लँडलीचा हट्ट असा की कोड छोटा, साधा आणि वाचता येईल असा हवा. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असं उतरत जाण्याचं काम यादी करणाऱ्यालाही लागतं आणि पुसणाऱ्यालाही. मग ते प्रत्येकानं वेगळं का लिहायचं? त्यानं ते एकदाच लिहिलं, ‘डिरट्री’ नावानं, आणि बाकीचे ते वापरतात. आमच्या घरी या माणसाचं नाव इतक्या वेळा निघतं की मला तो दूरचा दीर वाटायला लागलाय.

नवऱ्याच्या कंपनीत याच्या बरोब्बर उलट. फोल्डरमध्ये उतरणाऱ्या कोडच्या पाच प्रती! प्रत्येक नव्या इंजिनीअरनं जुनी उचलली, आपल्याला हवी तशी वाकवली आणि ठेवून दिली. एकत्र कुटुंबात पाच सुनांचे पाच साखरेचे डबे असावेत तसं. एका डब्यातल्या मुंग्या काढल्या तरी चार डब्यांत त्या आहेतच. नवरा गेले आठ महिने या पाचांची एक करत होता. नवीन काही नाही. बटण नाही, रंग नाही. शेवटी साडेसहा हजार ओळी कमी झाल्या आणि बाहेरून डबा होता तसाच दिसत राहिला.

मला आधी हा सगळा प्रकार म्हणजे दिवाळीत माळा साफ करण्यासारखा वाटायचा. केला तर चांगलं, नाही केला तर पाहुण्यांना कुठे दिसतोय! मग एका रविवारी त्यानं मला ‘आरएम’ची गोष्ट सांगितली.

काळ्या खिडकीतून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. 1998 मध्ये ‘टॉय स्टोरी 2’ बनत असताना पिक्सारमध्ये कोणी तरी चुकीच्या जागी हाच हुकूम दिला आणि सिनेमाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. बॅकअप होता, पण तो धड चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुस्मन या टेक्निकल डायरेक्टरमुळे. बाळ लहान म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. (वर्क फ्रॉम होमला नाकं मुरडणाऱ्या तमाम बॉस मंडळींनी हा परिच्छेद कापून ठेवावा.)

तिथे चूक माणसाची होती. पण 2015 च्या जानेवारीत लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या गेमिंग प्रोग्रॅमनं काही लोकांच्या फायली स्वतःहूनच पुसल्या. स्टीमचा फोल्डर जिथे आहे तो पत्ता शोधायचा आणि त्या पत्त्यावरचं सगळं पुसायचं, अशी ती ओळ होती. पत्ता सापडलाच नाही, तर? तर पत्त्याची जागा रिकामी आणि हुकूम उरतो : सगळं पुस. गंमत म्हणजे लिहिणाऱ्यानं तिथेच शेरा मारून ठेवला होता, ‘स्केअरी!’ भीती वाटली, शेरा लिहिला आणि पुढे गेला. आपण फ्रिजवर चिकटवतो त्या चिठ्ठ्यांसारखं.

नवऱ्याला सापडलेली भानगड याहून बारीक. पुसणारा प्रोग्रॅम आधी बघतो, हा खरा फोल्डर आहे की दुसरीकडे नेणारी नुसती लिंक? खरा असेल तर आत जातो. बघणं आणि आत जाणं यात पापणी लवण्याएवढा वेळ जातो. तेवढ्यात कोणी फोल्डर काढून तिथे लिंक ठेवली तर? तुम्ही जिन्यात 302 ची पाटी वाचलीत, पर्समधून किल्ली काढेपर्यंत कोणी ती पाटी शेजारच्या दारावर लावली आणि तुम्ही शेजाऱ्यांचं घर रिकामं केलंत, असा प्रकार. उपाय असा की नाव वाचून परत शोधत बसायचं नाही. एकदा उघडलेला फोल्डर हातात धरून ठेवायचा आणि त्याच्याच आधारानं पुढे जायचं. 2008 पासून ही पद्धत युनिक्सच्या प्रमाण नियमांत आहे. पाचपैकी चार प्रतींना तिचा पत्ताच नव्हता.

आणि आपली मराठी! जुना कोड समजून चालायचा की एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीच्या अक्षराला तीन लागतात, मात्रेला आणखी तीन. लिनक्सवर फाइलचं नाव साधारण 255 बाइटांपर्यंत, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून आपल्या वाट्याला फक्त 85. लांब नाव आलं की हा कोड ते अक्षराच्या मधोमध कापायचा. ‘ताळेबंद’ कुठे तरी ‘ताळे’ आणि पुढे चौकोनी खोका! ते दुरुस्त झालं त्या दिवशी त्यानं आनंदानं मला फोन केला. मी मुलाखत घेत होते.

एक मात्र सांगते. पुसण्याचीही नशा चढते, आणि ती वाईट. जुनी विचित्र ओळ कधी कधी कोणाच्या तरी अडचणीसाठी लिहिलेली असते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू 25.10 मध्ये हे जुने प्रोग्रॅम काढून रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेले बसवले. त्यातल्या तारीख सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक बारीकशी सोय राहून गेली होती आणि तेवढ्यानं आपोआप अपडेट शोधायचं काम बंद पडलं. म्हणून नवरा एक ओळ काढण्याआधी ती कोणी, कधी, का घातली हे दोन-दोन दिवस शोधत बसतो. सासूबाईंचा डबा फेकण्याआधी विचारावं, तसं.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅप्रेझल. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना : ‘या वर्षी तुम्ही नवीन काय निर्माण केलंत?’ त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘काही नाही. साडेसहा हजार ओळी कमी केल्या.’ रेटिंग मधलं. ज्यानं डब्याच्या अ‍ॅपला डार्क मोड दिला त्याला प्रमोशन. न घडलेल्या अपघाताचा फोटो निघत नाही ना!

मी भडकले. कारण हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. मी फ्रीलान्सर. माझे चेक मान्सूनसारखे, येतील तेव्हा खरे. फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. त्यातच दुसऱ्या एका कंपनीची ऑफर आली : तीस टक्के जास्त, नवी टीम, सगळं नवं लिहायचं. उत्तर द्यायला दहा दिवस. लाइट बिलाच्या मागे आम्ही हिशेब मांडला. मी म्हटलं, घे. तो म्हणाला, पाचातली शेवटची प्रत अजून निघायचीय, मध्येच सोडली तर सहा प्रती होतील. आमचं दोन दिवस नीट बोलणं नव्हतं. मला शब्दांवर पैसे मिळतात आणि माझ्या नवऱ्याला ओळी कमी केल्याची शिक्षा, यातला विनोद तेव्हा मला अजिबात दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला बिल अ‍ॅटकिन्सनचा किस्सा सांगितला, बहुधा तह करायला. 1982 मध्ये अ‍ॅपलच्या ‘लिसा’ टीममध्ये दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला लावायचे. अ‍ॅटकिन्सननं चित्रं काढणारा कोड नव्यानं लिहून सहापट वेगवान केला आणि त्यात दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यानं फॉर्मवर लिहिलं, ‘वजा 2000’. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म मागणंच बंद झालं.

मी म्हटलं, तुझा फॉर्म दे इकडे. मास कॉमची डिग्री काय फक्त फेस क्रीमवर लिहायला घेतलीय? रेटिंगवर फेरविचाराचा अर्ज करता येत होता, तो मी लिहिला. स्टीमच्या ‘स्केअरी’पासून सुरुवात केली, मग 302 ची पाटी, मग आमच्या पाचपैकी चार दारांची अवस्था. कोणत्या ग्राहकाचं काय जाऊ शकलं असतं, ते त्यानं सांगितलं. मी फक्त विशेषणं काढली. दीड पान.

मॅनेजरनं विचारलं, ‘हे कोणी लिहिलं?’ नवऱ्यानं सांगितलं, ‘बायकोनं.’ रेटिंग एक पायरी वर गेलं, प्रमोशन नाही. नवव्या दिवशी त्यानं ऑफर नाकारली. मी खूश आहे का? अर्धी. तीस टक्के म्हणजे हप्ता सुटून वर गोव्याची ट्रिप होती, हे मी त्याला अजूनही अधूनमधून ऐकवते. तो ऐकून घेतो आणि स्क्रीनकडे बघत म्हणतो, ‘दोनशे ओळी राहिल्यात गं.’