लॉगमधला पत्ता आणि वस्तीचा पत्ता

गेल्या डिसेंबरात पाच तारखेच्या रात्री आमची वेबसाईट बंद पडली. चळवळीतली जुनी पत्रके, जलशांच्या चोपड्या, तालुक्याच्या गावी निघून बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, लोकांच्या पत्र्याच्या पेट्यांतून जे हाती लागेल ते स्कॅन करून आम्ही चार-पाच जण तिथे ठेवतो. सर्व्हर भाड्याचा आहे, वर्गणी गोळा करून चालतो. सहा डिसेंबरच्या आदल्या रात्री साईट उघडेना, तेव्हा आम्ही पहिले काय केले? फेसबुकवर लिहिले की महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर मनुवाद्यांनी आमच्यावर सायबर हल्ला केला आहे. पोस्ट खूप फिरली. निषेधाचे फोन आले. एका दादांनी तर पत्रकार परिषद घेऊ म्हणून सांगितले.

आमच्यात संगणकाचा डिप्लोमा झालेली एक मुलगी आहे. तिने विचारले, "लॉग पाहिला का कुणी?" कुणीच पाहिला नव्हता. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजवही. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोण आले, काय मागितले, हे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. तिने दोन दिवस बसून ती वाचली आणि आम्हाला खाली बसवून दाखवली. पाच तारखेच्या रात्री साईट आमच्याच लोकांनी पाडली होती. एका दुर्मिळ अंकाची फाईल आम्ही न दाबता तशीच चढवली होती, ती ऐंशी एमबीची. तिची लिंक व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरली, हजारो लोकांनी एकदम उघडली आणि तो बिचारा स्वस्तातला सर्व्हर श्वास कोंडून पडला. हल्लेखोर म्हणून ज्यांचा निषेध झाला ते आमचे वाचक होते!

हसू आले तर हसा, आम्हीही हसलो. पण पुढे जे घडले त्यात हसण्यासारखे काही नाही.

लॉगमध्ये खरे हल्लेही होते, आणि ते रोजचे होते. कुणीतरी पोर्ट 22 वर येऊन ‘रूट’, ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’ अशी नावे आणि शंभर पासवर्ड घालून पाहतो, निघून जातो, दुसऱ्या पत्त्यावरून पुन्हा येतो. त्यांना बाबासाहेब कोण हे माहीत नाही आणि जातही माहीत नाही. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे दार ते वाजवतात. आम्ही मात्र प्रत्येक टकटकीला जातीय हल्ला समजत होतो.

त्यातच एक वेगळी गोष्ट सापडली. साईटच्या अभिप्रायाच्या चौकटीत एका रात्री चाळीसेक शिव्या आल्या होत्या, जातीवरून, आमच्यातल्या महिला कार्यकर्तीचे नाव घेऊन. हे यंत्राचे काम नव्हते, माणसाचे होते. पत्ता एकच. आमच्यातल्या एका तरुणाने तो पत्ता ‘लोकेशन’ सांगणाऱ्या साईटवर टाकला, नकाशावर शेजारच्या शहरातला एक चौक आला. त्याने तो नकाशा तसाच फेसबुकवर टाकला. दोन तासांत लोकांनी त्या चौकातले घर ठरवले आणि घरातला मुलगा ठरवला. त्याचे आडनाव अपेक्षेप्रमाणे होते, एवढाच पुरावा. संध्याकाळी त्याच्या दारात वीस-पंचवीस जण उभे होते. मारहाण झाली नाही हे आमचे नशीब, आणि त्याचेही.

तो पत्ता एका मोबाईल कंपनीचा होता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण 429 कोटींच्या आसपास आहेत आणि जगातली उपकरणे त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो-हजारो गिऱ्हाइके बसवतात. अमुक सेकंदाला, अमुक सोर्स पोर्टवर कोण होते हे फक्त कंपनीच्या नोंदीत असते. नकाशावर दिसतो तो बहुधा कंपनीने नोंदवलेला किंवा अंदाजाने ठरवलेला ठिकाणा. त्या चौकाचा त्या शिव्यांशी काही संबंध होता असे म्हणायला आमच्याकडे काहीही नव्हते. आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच्या आईने पाणी दिले आणि एकच विचारले, "पत्ता बघून ठरवलं का तुम्ही?"

मित्रहो, हा प्रश्न आम्हाला विचारला जावा? पत्ता बघून ठरवणे म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. अर्जावर वस्तीचे नाव दिसले की मुलाखतीचा सूर बदलतो. खोली भाड्याने पाहायला गेले की "सध्या कुठे राहता?" या प्रश्नात सगळी चौकशी उरकली जाते. आणि इतिहासात पाहायचे तर 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आहेच. पारधी, कैकाडी, माकडवाले, भामटे, अशा कितीतरी जमातींची नावे सरकारी यादीत चढली आणि त्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पोलीस ठाण्यातली सवय अजून गेलेली नाही. यादीत एकदा नाव गेले की ते काढायला किती पिढ्या लागतात, हे भटक्या-विमुक्त भावंडांना विचारा.

इंटरनेटवरही अशा याद्या आहेत. स्पॅमहाऊस 1998 पासून आहे. अब्यूजआयपीडीबी नावाची खुली नोंदवही आहे, तिथे जगभरचे सर्व्हर चालवणारे वाईट वागणारे पत्ते नोंदवतात आणि प्रत्येक पत्त्याला शून्य ते शंभर असा अंक मिळतो. याद्या उपयोगाच्या आहेत, आम्हीही वापरतो. पण काही जण एका पत्त्याच्या चुकीसाठी अख्खी रांग बंद करतात, काही तर देशच्या देश. आमच्या मंडळातही प्रस्ताव आला होता: "दोन-चार देश पूर्ण ब्लॉक करून टाका, कटकट मिटेल." आम्ही विरोध केला. आमचे वाचक आखातात आहेत, जपानमध्ये आहेत, थायलंडमध्ये शिकणारे भिक्खू आहेत. आणि मुळात कुठल्या देशाचा पत्ता आहे यावरून हात कुणाचा हे कळत नाही. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या विषाणूने घराघरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, आणि तेवढ्यावर लाखो यंत्रे त्याच्या हाती गेली. 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेत मोठमोठ्या साईट त्याने बंद पाडल्या. हल्ला करणारे पत्ते व्हिएतनामचे, ब्राझीलचे, कुठकुठले. संशय परक्या सरकारांवर घेतला जात होता. पुढे वर्षभराने मिराई बनवल्याचा गुन्हा कबूल केला तो अमेरिकेतल्याच तीन तरुण पोरांनी.

आता आमच्या स्वतःच्या पत्त्याची गोष्ट. जानेवारीत आमच्या समाजमंदिराच्या ब्रॉडबँड कंपनीकडून ईमेल आला. युरोपातल्या एका छोट्या सर्व्हरवाल्याने तक्रार केली होती की तुमच्या या पत्त्यावरून माझ्या यंत्राच्या पोर्ट 23 वर सतत लॉगिनचे प्रयत्न होत आहेत. सोबत वेळ, सेकंदासकट, आणि लॉगच्या सहा ओळी. शिवी नाही, आरोप नाही, शेवटी ‘कृपया पाहावे’. आमची पहिली प्रतिक्रिया काय असेल? "आम्ही? आम्ही कसे हल्ला करू?" तोच मुलगा, तोच चौक आम्हाला आठवला. फरक इतकाच की या माणसाने आमच्या दारात वीस जण पाठवले नाहीत.

शोधल्यावर सापडले. समाजमंदिरातले चार कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर. खजिनदार काकांना घरी बसून मोबाईलवर कॅमेरा पाहता यावा म्हणून कॅमेरेवाल्याने राउटरमधून वाट उघडी करून दिली होती, आणि पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला होता. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या रक्षणासाठी लावलेले यंत्र रात्रंदिवस दुसऱ्यांची दारे फोडत होते. बंद करून चालू केले की हा विषाणू जातो, कारण तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येतो. आम्ही पासवर्ड बदलला, बाहेरची वाट बंद केली, त्या माणसाला उत्तर लिहिले. त्याचे एका ओळीचे आभार आले.

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात की ही तांत्रिक कामे आहेत, यात कार्यकर्त्यांनी वेळ का घालवावा. त्यांच्यासाठी भीमा कोरेगाव प्रकरण आठवून देतो. सोळा जणांना अटक झाली, स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी कोठडीत असतानाच गेले. पुरावा म्हणून जी पत्रे दाखवली गेली, त्यांबद्दल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या फोरेन्सिक कंपनीने 2021 मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जून 2016 मध्ये ईमेलमधून ‘नेटवायर’ घुसवले गेले, बावीस महिने तो लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि ती कागदपत्रे बाहेरून टाकली गेली. एनआयएला हा निष्कर्ष मान्य नाही. पण तो निघाला कशावरून? यंत्रातल्या खुणांवरून, आणि ते यंत्र कोणत्या सर्व्हरशी, कोणत्या पत्त्याशी बोलत होते यावरून. 2022 मध्ये सेंटिनेलवनच्या संशोधकांनी हल्ल्यात वापरलेले सर्व्हर आणि डोमेन जुळवून दाखवले की याच हल्लेखोराचे काम 2012 पासून चालू असावे. एकेका ईमेलकडे पाहून हे कुणाला दिसले नसते. तेव्हा लॉग ठेवणे हे चळवळीचे काम आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तरुण विचारतात, "तक्रार करायची म्हणजे पोलिसांच्या हाती माणूस द्यायचा, आणि पोलीस कसे वागतात हे आपल्यालाच माहीत." खरे आहे. 2007 मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला उचलले. आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने गिऱ्हाइकाचे नाव दिले, ते चुकीचे होते. पन्नास दिवस तो निरपराध माणूस तुरुंगात होता. आणि 2014 च्या जूनमध्ये विटंबनेच्या पोस्टवरून पुण्यात भडका उडाला तेव्हा तर पत्ताही कुणी पाहिला नाही. हडपसरला मोहसीन शेख या तरुणाचा दाढी-टोपी पाहून जीव घेतला, ज्याचा त्या पोस्टशी संबंध नव्हता.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दार वाजवणारी यंत्रे आहेत त्यांची तक्रार पोलिसांकडे जात नाही. ‘हूइज’मध्ये पत्ता टाकला की तो कोणत्या कंपनीच्या नावावर आहे आणि तिचा तक्रारीचा ईमेल कोणता हे दिसते. तिथे लिहायचे. तारीख, वेळ सेकंदासह, भारतीय वेळ की जागतिक हे स्पष्ट, कारण साडेपाच तासांची गफलत झाली तर दुसऱ्याच माणसाचे नाव निघते. आलेला पत्ता, त्याचा सोर्स पोर्ट, आपला कोणता पोर्ट, लॉगच्या चार ओळी. विशेषणे नकोत. ‘जातीयवादी’, ‘भ्याड’ हे शब्द त्या टेबलावर बसलेल्याला काही सांगत नाहीत. आणि पत्ता फेसबुकवर टाकायचा नाही, कधीच नाही.

माणसाने दिलेली जातीवाचक शिवी किंवा धमकी असेल तर मात्र अॅट्रॉसिटी कायदा आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे की इंटरनेटवर टाकलेला मजकूरही ‘लोकांच्या नजरेसमोर’ धरला जाईल. तिथे नाव शोधणे हे तपास अधिकाऱ्याचे काम, आणि ते सोर्स पोर्टसकट शोधा असे अर्जात आपणच लिहून द्यायचे. सोबत प्रमाणपत्र हवे. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये ते ठणकावले, मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्राशिवाय नक्कल चालणार नाही. आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यावे लागते.

त्या चाळीस शिव्यांचे काय झाले? आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा तीन आठवडे उलटले होते. सर्व्हर चौदा दिवसांपुढचा लॉग आपोआप पुसतो, आम्हाला ते माहीत नव्हते. हातात उरला तो फेसबुकवरचा नकाशा. जिला उद्देशून शिव्या होत्या ती ताई एवढेच म्हणाली, "नकाशा टाकायला दोन तास लागले, अर्ज द्यायला तीन आठवडे." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता लॉग 180 दिवस ठेवतो. सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये कंपन्यांना तेवढेच दिवस घालून दिले आहेत, आम्ही तोच आकडा उचलला. दर रविवारी ती डिप्लोमावाली मुलगी आणि अकरावीतली दोन पोरे बसतात आणि आठवड्याच्या तक्रारी पाठवतात. दहांतल्या सात-आठांना उत्तर येत नाही. समाजमंदिराचा पत्ता नोंदवहीत शंभरावर गेला होता, तो हळूहळू उतरतो आहे. खजिनदार काका अजून रागावलेले आहेत, कारण त्यांच्या मोबाईलवर कॅमेरा दिसत नाही. त्यांना दुसरी, बंदिस्त वाट करून द्यायची आहे. ते काम या रविवारी ठरले आहे.