तीन फांद्या

सत्तरी ओलांडल्यावर मी परत विद्यार्थिनी झालेय. इकेबाना शिकतेय! सूनबाई म्हणाली, "आई, फुलं लावण्यात शिकायचं काय?" मलाही तसंच वाटायचं. आपलं नाशिक म्हणजे मोगलांचं गुलशनाबाद. देवघरात फुलांचा ढीग नसला तर मला पूजा झाल्यासारखी वाटतच नाही.

इथे सगळा खेळ तीन फांद्यांचा. सोफू तेशिगाहारांनी १९२७ साली सुरू केलेल्या सोगेत्सु पद्धतीत सर्वांत उंच ती शिन, तिच्या पाऊणपट सोए आणि आखूड ती हिकाए. साध्या उभ्या रचनेत शिन १५ अंश कललेली, सोए ४५, हिकाए ७५. (नातवाची कंपासपेटी पळवली!) केन्झानच्या पितळी सुयांवर त्या रोवायच्या.

गेल्या आठवड्यात फांदी घरून न्यायची होती. अंगणातला अनंत ह्यांनी लावलेला. ते गेल्यापासून त्याला मी कुणाला कात्री लावू दिली नव्हती. बराच वेळ नुसतीच उभी राहिले. मग एक कापली.

वर्गात पाण्याखाली धरून तिरका छेद दिला, शिन म्हणून उभी केली. बाई (माझ्या लेकीच्या वयाच्या) म्हणाल्या, "छान. आता चार पानं काढा."

काढली. टाकवेनात, म्हणून पर्समध्ये घालून घरी आणली.