पोल्तावाच्या अलीकडे

विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा त्याच्यावरच उभी आहे. मी युरोपचा लष्करी इतिहास शिकवतो, त्यामुळे माझ्या वर्गात पानिपताच्या जागी पोल्तावा येतं. १७०९ साली युक्रेनमधल्या या गावाजवळ रशियाच्या पीटरने स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सचं कंबरडं मोडलं. मुलांना मी सांगतो, निकाल फिरवून दाखवा. अट एवढीच, की तुम्ही जे बदलाल ते तेव्हा तिथे हजर असलेल्या कुणाच्या तरी मनात खरोखर आलेलं असलं पाहिजे. स्वीडिशांना मशीनगन द्यायची नाही आणि चार्ल्सला आपलं शहाणपण उसनं द्यायचं नाही. (तारखेचा घोळ वेगळाच. त्या काळात स्वीडनचं कॅलेंडर ना रशियाशी जुळत होतं ना उरलेल्या युरोपशी. म्हणून एकाच लढाईच्या २७ जून, २८ जून आणि ८ जुलै अशा तीन तारखा सापडतात आणि तिन्ही बरोबर असतात.)

बहुतेक मुलं चार्ल्सच्या पायापासून सुरुवात करतात. लढाईच्या थोडे दिवस आधी, नेमक्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, त्याच्या पायात गोळी घुसली. लढाईला तो डोलीत पडूनच हजर होता. सूत्रं फील्ड मार्शल रेनशोल्डकडे गेली आणि पायदळ जनरल लेवेनहाउप्टकडे. या दोघांमधून विस्तव जात नव्हता. डाव तसा साधा होता. रशियन छावणीच्या वाटेवर पीटरने मातीचे दहा लहान गढीवजा मोर्चे घालायला घेतले होते. पुढचे दोन अजून अर्धवट होते. पहाटेच्या अंधारात या मोर्च्यांच्या मधून निसटायचं, त्यांच्यात गुंतायचं नाही आणि छावणीवर तुटून पडायचं. पण हा डाव सगळ्या सरदारांच्या कानांवर नीट गेलाच नाही.

जनरल रोस त्यातलाच. सहा पलटणी, म्हणजे सुमारे २,६०० माणसं त्याच्या हाताखाली होती. पहिले दोन मोर्चे त्याने घेतले आणि तिसऱ्यावर तो अडकला. त्याच्याजवळ खंदकाच्या भिंतीवर चढायला शिड्या नव्हत्या आणि भिंत फोडायला तोफा नव्हत्या. तरी त्याच भिंतीवर तो पुन्हा पुन्हा माणसं घालत राहिला. हजारांहून अधिक माणसं त्याने तिथे गमावली. बाकीची फौज केव्हाच पुढे निघून गेली होती. ती पलीकडच्या बाजूला थांबली आणि दोनेक तास रोसची वाट बघत राहिली. रोसने शेवटी शस्त्रं खाली ठेवली. दरम्यान पीटरने आपलं पायदळ छावणीबाहेर काढून रांगेत उभं केलं. त्या वीस हजारांहून मोठ्या रांगेवर स्वीडनचं जेमतेम चार हजारांचं पायदळ चालून गेलं, तेही सोबत चारच तोफा घेऊन.

इथे मुलांना हुरूप येतो. रोसला हुकूम नीट मिळाला असता तर? लेवेनहाउप्ट तर सकाळीच छावणीच्या दक्षिण तटाला भिडायच्या बेतात होता आणि तेवढ्यात त्याला मागे बोलावलं गेलं. ते बोलावणं आलंच नसतं तर? ठीक आहे, देतो मी दोन्ही. छावणीही पडली असं धरू. पुढे काय? दारूगोळा संपत आलेला, स्वीडनहून कुमक येण्याची आशा नाही आणि मॉस्को सातशेहून अधिक किलोमीटरवर. चार्ल्सला पोल्तावा गाव मिळालं असतं आणि फार तर एक उन्हाळा.

खरं वळण त्याच्या नऊ-दहा महिने अलीकडचं आहे. सप्टेंबर १७०८ मध्ये चार्ल्स स्मोलेन्स्कच्या सीमेवर तातार्स्कजवळ येऊन ठेपला होता. पुढचा मुलूख रशियनांनीच जाळून टाकलेला. रीगाहून लेवेनहाउप्ट साडेबारा हजार माणसं आणि हजारो गाड्या भरून धान्य-दारू घेऊन निघाला होता, पण पावसाच्या चिखलात त्याची चाल मंदावली होती. मुलकी कारभार पाहणाऱ्या कार्ल पिपरने सल्ला दिला की नीपर नदीकडे मागे सरकावं आणि त्याला गाठावं. मागे सरकणं हे चार्ल्सच्या स्वभावातच नव्हतं. तो दक्षिणेला युक्रेनकडे वळला. ऑक्टोबरात लेस्नायाला पीटरने एकट्या लेवेनहाउप्टला गाठलं. तो राजापाशी पोचला तो जेमतेम सहा हजार माणसांनिशी आणि एकही गाडी न घेता.

पिपरचं ऐकलं असतं तर हिवाळ्याला फौजेच्या पोटात अन्न असतं. पण एक धागा ओढला की दुसरा सुटतो. चार्ल्स युक्रेनात आला म्हणूनच कोसॅकांचा हेटमन माझेपा त्याला मिळाला आणि तेही नाइलाजाने. चार्ल्स आपल्याकडे वळतोय हे कळल्यावर तो चरफडला, असं त्याच्या दप्तराचा प्रमुख ऑर्लिक लिहितो. चार्ल्स आलाच नसता तर माझेपा पीटरचा इमानी हेटमन म्हणून म्हातारा झाला असता आणि पीटरचा सरदार मेन्शिकोव्ह याने त्याची राजधानी बातुरिन जाळून तिथल्या माणसांची कत्तल केली नसती. वर्गात याला गुण कमी देणारा मास्तर मी नव्हे. स्वीडनला काय मिळालं यापेक्षा बातुरिन वाचलं, हा निकाल मला मोठा वाटतो.

मला विचाराल तर आणखी मागे जा. १७०६ नंतर पीटरने मध्यस्थांमार्फत तहाची बोलणी लावली होती. जिंकलेलं सगळं परत करायची त्याची तयारी होती. त्याला फक्त नेव्हा नदीचं मुख आणि तिथे उभं राहणारं पीटर्सबर्ग हवं होतं. चार्ल्सने साफ नकार दिला. सगळी राज्यं धरून स्वीडनची प्रजा पंचवीस लाखांच्या आसपास, रशियाची दीड कोटीच्या घरात. पीटर एक फौज गमावून दुसरी उभी करू शकत होता, चार्ल्सला तसं करता येणार नव्हतं. १७०० साली नार्वाला बर्फाच्या वादळात त्याने स्वतःच्या चौपट फौजेला लोळवलं होतं, तेव्हाची घमेंड काही उतरली नव्हती. तो तह झाला असता तर रीगा आणि रेवाल स्वीडनकडेच राहिली असती. प्रत्यक्षात ती १७१० मध्ये गेली. १७२१ च्या निस्टाडच्या तहात तर पीटरने लिव्होनिया, एस्टोनिया आणि इंग्रिया कायमचे खिशात घातले आणि त्या बदल्यात वीस लाख थॅलर मोजून दिले.

आणि गंमत म्हणजे तीच संधी पुन्हा एकदा आली होती. पोल्तावानंतर चार्ल्स तुर्कांच्या मुलुखात बेंदेरला आश्रयाला होता. जुलै १७११ मध्ये प्रुत नदीकाठी तुर्कांनी पीटरलाच कोंडीत पकडलं. वाटाघाटीला निघालेल्या शाफिरोवला त्याने मुभा दिली होती, की वेळ पडली तर पीटर्सबर्ग सोडून स्वीडनचं सगळं देऊन टाक, हवं तर आपलं प्स्कोवही दे. तुर्की वजीराला रस होता अझोवच्या किल्ल्यात. तो मिळताच त्याने तह उरकला आणि चार्ल्सला मायदेशी सुखरूप जाऊ द्यावं एवढं कलम त्यात घातलं. बेंदेरहून घोडा पिटाळत चार्ल्स पोचला तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. शाफिरोवला प्स्कोवचं नावही काढावं लागलं नव्हतं.