भाऊंची जावा आणि दीडशे रुपयांची बाकी



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणांबद्दल लिहिलं होतं. आज मोटारसायकलीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. मला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. पण गेलं वर्षभर आमच्या भोरच्या घरात जेवताना, चहाला, अगदी स्थानकातून परत येतानाही एकाच इंजिनाचा विषय चालू होता. त्यातून मला जे कळलं ते तुमच्यापाशी बोलावंसं वाटतं.

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे 'भाऊ' म्हणत. बाजारपेठेत आमचं किराणा आणि धान्याचं दुकान. 1968 साली भाऊंनी पुण्याहून जावा 250 आणली. तेव्हा वेल्ह्याच्या बाजूला जायचं तर एस.टी.च्या वेळा सांभाळाव्या लागत. गाडी आल्यावर भाऊ आपल्या वेळेने निघायचे. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे हा त्यांचा ठरलेला रस्ता. तिकडून तांदूळ, नाचणी, वरई यांचे सौदे करायचे, उधारी गोळा करायचे. त्या डोंगरात मधही मिळायचा, पण त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. चोविहार असल्यामुळे दिवस मावळायच्या आत घरी यायचं हा नेम. सासूबाई सांगायच्या, भोराच्या वेशीपासूनच जावाचा आवाज ओळखू यायचा आणि त्या पाट मांडायच्या.

ही जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. पुढे म्हैसूरला आयडियल जावा कंपनीचा कारखाना निघाला आणि 1961 पासून गाड्या इथेच बनू लागल्या. त्यांचीच पुढे येझदी झाली. 1996 साली तो कारखाना बंद पडला. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी हौशी लोक या गाड्या बाहेर काढून जावा-येझदी दिवस साजरा करतात. सिलिंडर एकच, पण धूर सोडायच्या नळ्या दोन. आणि गंमत म्हणजे गिअरचाच दांडा वर वळवला की त्याची किक होते. माझ्या नातवाला हे इतकं आवडलं की त्याने तो दांडा दिवसभर वर-खाली केला.

भाऊ 1994 साली गेले. तेव्हापासून गाडी गोदामात पोत्यांच्या मागे उभी होती. मागच्या वर्षी आमच्या ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. वय एकाहत्तर. डॉक्टरांनी दुकानात बसणं कमी करायला सांगितलं. रिकामा माणूस घरात किती फेऱ्या मारणार? एक दिवस ह्यांनी पोती बाजूला करायला लावली आणि म्हणाले, "भाऊंची गाडी चालू करायची. एकदा त्यांच्या रस्त्याने वेल्ह्यापर्यंत जाऊन यायचं. मग काही हट्ट नाही." स्टेंट बसलेला माणूस 'मग काही हट्ट नाही' म्हणतो तेव्हा बायको काय बोलणार?

काम फाल्गुनात सुरू झालं. नसरापूरकडचे एक वयस्कर मिस्त्री आठवड्यातून दोनदा यायचे. एका नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. मी म्हटलं, ती जाईपर्यंत त्या नळीला हात लावायचा नाही. मिस्त्री तीन आठवडे थांबले. इंजिन पूर्ण जाम होतं. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून कितीतरी दिवस भिजत ठेवलं, तेव्हा कुठे पिस्टन हलला. टाकीतला गंज काढायला मी चिंचेचं पाणी दिलं. पितळेच्या भांड्यांना चालतं ते पत्र्याला का चालू नये? चाललं. रबरी भाग, पॉइंट, कंडेन्सर असं बरंच काही पुण्याच्या नाना पेठेतून आलं. सीटला कातडं नको, रेक्झीन लावा, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी मिस्त्रींनी इंजिनाच्या खालच्या भागावरची काजळी घासली, चष्मा लावून नंबर वाचला आणि नोंदणीचं पुस्तक मागितलं. मग म्हणाले, "शेठ, चासी नंबर बरोबर आहे. इंजिनाचा नंबर ह्या पुस्तकात नाही. हे इंजिन या गाडीचं नव्हे."

आणखी एक गोष्ट निघाली. या इंजिनाचा मूळ पिस्टन 65 मिलिमीटरचा असतो. आमच्या पिस्टनच्या डोक्यावर 65.50 असा आकडा होता. म्हणजे सिलिंडर झिजल्यावर कोणीतरी तो आतून तासून मोठा केला होता आणि मोठा पिस्टन बसवला होता. ते काम आमच्याकडे झालं की आधीच्या मालकाकडे? आधीचा मालक कोण?

हे म्हणाले, "भाऊंनाच ठाऊक." मी म्हटलं, "भाऊंच्या चोपड्यांना ठाऊक असेल."

मी पुण्यात बी.कॉम. केलं आणि 1984 साली लग्न होऊन भोरला आले. आयुष्यभर पोळ्याच केल्या, पण खतावणी समोर आली की माझं जुनं मन जागं होतं. माळ्यावरच्या ट्रंकेतून लाल चोपडे काढले. कसर लागू नये म्हणून सासूबाईंनी त्यांत कडुलिंबाचा पाला घातला होता, त्याचा नुसता भुगा उरला होता. भाऊंनी 'गाडी खाते' वेगळं ठेवलेलं. पेट्रोल, त्यात मिसळायचं तेल, पंक्चर, सगळं लिहिलेलं. सिलिंडर तासून घेतल्याचा खर्च मात्र कुठेच नाही. म्हणजे ते काम इंजिन आमच्याकडे यायच्या आधीचं.

संवत 2032 च्या चोपड्यात, म्हणजे 1976 च्या पावसाळ्यात, ती नोंद सापडली. जुने इंजिन, ठरले रुपये 600. रोख दिले 450. बाकी 150. ज्याचे पैसे द्यायचे त्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'इंजिनवाला, नाव माहीत नाही'.

सासूबाईंनी सांगितलेली एक गोष्ट तेव्हा आठवली. एका श्रावणात भाऊंची गाडी मार्गासनीच्या पुढे बंद पडली. ते रात्रभर कोणाच्या तरी ओसरीवर पाण्याचा थेंबही न घेता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गाडी आणली, आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा चालू झाली. हे इंजिन तेव्हाच आलं असणार. कोणी तरी आणून दिलं, घाईत सौदा झाला.

पुढच्या वर्षीचा चोपडा उघडला. 'इंजिनवाला, मागील बाकी 150.' त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दर दिवाळीला नवा चोपडा पुजला की भाऊ ही बाकी पुढे ओढत होते. मी मोजले. बारा चोपडे. आणि संवत 2044 मध्ये ते दीडशे रुपये जीवदया खात्यात जमा करून खातं बंद केलेलं.

ती शेवटची ओळ वाचून मी ट्रंकेपाशीच बसून राहिले. कारण मला एक संध्याकाळ आठवली. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. भाऊंनी मला सहज विचारलं होतं, "तू कॉमर्स शिकलीस ना? आपण कोणाचं देणं लागतो आणि तो माणूस कधी आलाच नाही, तर ती रक्कम कुठे लिहायची?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "भाऊ, देणं उरलं नाही असं ठरलं की नफा-तोटा पत्रकात जमा करायची. तो आपला नफा." ते नुसतं "बरं" म्हणाले. सुनेला त्यांनी चूक म्हटलं नाही. त्यांनी काय केलं ते मला सदतीस वर्षांनी कळलं.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. मी हिशेब शिकलेली बाई आहे. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, धंद्यातला माणूस आपले दीडशे रुपये का सोडेल? 1976 चे दीडशे म्हणजे लहान रक्कम नव्हे. जो पैसे न्यायला परत येत नाही, त्याला परत येण्याची भीती असते. चोपड्याने भाऊंचा प्रामाणिकपणा दाखवला, आणि त्याच चोपड्याने इंजिनाबद्दलचा संशय वाढवला.

श्रावकाच्या बारा व्रतांतलं तिसरं अदत्तादानाचं. त्याचे अतिचार आपण प्रतिक्रमणात दरवेळी आठवतो. खोटं वजन-माप आणि मालातली भेसळ त्यांत आहे, ते दुकानदाराच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. पण चोरून आणलेली वस्तू घेणं हाही त्यातलाच एक अतिचार. तो मी इतकी वर्षं म्हणत आले आणि तो आपल्या गोदामात उभा असेल असं कधी मनात आलं नाही.

मी ह्यांना बोलून दाखवलं. हे उठून बाहेर गेले. धाकट्या दिरांना फोनवर सांगितलं तर ते चिडले. "वहिनी, भाऊंना जाऊन तीस वर्षं झाली. आता त्यांना चोर ठरवायचं आहे का?" दोन दिवस घरात कोणी मोकळं बोललं नाही.

त्यातच एक एजंट आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकी, ह्यात काय एवढं? जुना नंबर घासायचा, पुस्तकातला ठोकायचा. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा पासिंग करून देतो." मुलगाही पुण्याहून म्हणाला, "आई, बाबांना एकदा वेल्ह्याला जाऊ दे. कोणाचं नुकसान होणार आहे?" मुलाचा राग आला नाही. बापाच्या छातीतल्या दोन स्टेंटकडे बघून बोलत होता तो.

मी कायदा थोडा समजून घेतला. नोंदणीपुस्तकातला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुन्हा नोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. रोजच्या कामाला किंवा धंद्याला गाडी वापरायची नाही. पण गाडी मूळ रूपातली हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आमचं घोडं नेमकं तिथेच अडतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर इंजिन नंबरावरून चोरीच्या गाड्यांची चौकशी करता येते. मुलाने तीही केली. काही निघालं नाही. पण 1976 ची तक्रार संगणकावर नसेल, तर त्यावरून निर्दोष तरी कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी हे सामायिक करून उठले, गोदामात गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "नंबराला हात लावू नका. तो नंबर घासला तर ज्याचं कोणाचं ते असेल, त्याची शेवटची खूण जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊंनी बारा वर्षं त्याचं नाव लिहायची जागा ठेवली. मी ती अर्ध्या तासात कशी पुसू?"

चातुर्मासात काम बंद ठेवलं. पावसात गोदामात जीवजंतू फार. दिवाळीनंतर गाडी पुन्हा जुळवली आणि मार्गशीर्षात एका सकाळी मिस्त्रींनी किक मारली. चौथ्या किकेला चालू झाली. निळा धूर, आणि तो आवाज. शेजारच्या नव्वदीच्या काकी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ आले का गं?"

हे गाडीवर बसले. दोन मिनिटं अंगणातच, स्टँडवर. मग स्वतः बंद केली.

वेल्ह्याला आम्ही एस.टी.ने गेलो. त्याच रस्त्याने. समोर तोरणा दिसेपर्यंत हे खिडकीतून गाव आलं की नाव सांगत होते. मार्गासनीला उतरून दोन-चार जुन्या घरांत विचारलं. भाऊंचं नाव दोघांना आठवलं, इंजिनवाला कोणालाच नाही. चार वाजताच परत फिरलो, चोविहाराच्या आत घरी आलो.

आता आम्ही परिवहन कार्यालयात द्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात चोपड्याच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत आणि स्पष्ट लिहिलं आहे, इंजिन 1976 साली बदललं, विकणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, नंबर आहे तसा आहे. परवानगी मिळाली तर हे जातील. नाही मिळाली तर जावा अंगणात उभी राहील. आणि कोणी खरा वारस पुराव्यासह आला, तर इंजिन त्याचं. हे शेवटचं वाक्य ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दिरांना हा लेख आधी वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा वहिनी. पण दीडशे रुपयांचं नीट लिहा."

तुमच्याही घरात, गोदामात अशी एखादी जुनी वस्तू असेल. साफ करायच्या आधी तिच्यावरचे नंबर, खुणा वाचा, फोटो काढून ठेवा. जुने चोपडे वाळवी लागण्याआधी उघडा. आणि सापडेल ते सोयीचं नसलं तरी घासून टाकू नका.

मी यंदा एक नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर 'गाडी खाते' लिहिलं. मिस्त्री, नाना पेठ, रेक्झीन, सगळा खर्च मांडला. खाली एक ओळ वेगळी ठेवली आहे. 'इंजिनवाला.' पुढची जागा कोरी आहे.

जाणता-अजाणता कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.