चाकांवरचं घर सरळ कसं चालतं?

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचं आमचं गाव आहे. गावाच्या नावातच कुंभार! फिरत्या चाकावर मातीचा गोळा अगदी मधोमध बसला नाही तर काय होतं, पाहिलंय ना? गोळा थरथरतो आणि मडकं वाकडं होतं. हे लक्षात ठेवा बरं का, पुढं कामाला येणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची माणसं पंढरपूरला निघालो. भाड्याच्या व्हॅनमध्ये गाद्या, शेगडी, शिधा आणि पाण्याचा पिंप. जणू चाकांवरचं घरच! अशा गाडीला कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमची कॅम्पर मात्र अस्सल गावठी!

पहिला थांबा होता जवळचं जांब समर्थ. 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला, तेच हे गाव. हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. त्यामुळे रस्तेही जागोजागी लाटांसारखे होतात. आमची गाडी डोलू लागली. समोरून एसटी जवळून गेली, तशी ती एकदम डावीकडे ओढली गेली. आजीनं माझा हात घट्ट धरला. ड्रायव्हरकाकांनी वेग कमी करून गाडी कडेला घेतली.

"गुरुजी, गाडी उलाळ झालीय," काका म्हणाले.

उलाळ म्हणजे काय, सांगा पाहू! बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं. मोटारीचंही तसंच. आमचा पिंप अगदी मागच्या टोकाला होता. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन! त्यानं पुढची चाकं हलकी झाली. मग त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि गाडी स्टेअरिंगचं नीट ऐकत नाही. आम्ही पिंप मधोमध आणला. टपावरची गाठोडी खाली घेतली, कारण ओझं जितकं उंच, तितका डोल जास्त.

जांबला हवा तपासली. पुढच्या डाव्या चाकात ती कमी होती, म्हणून ओढ डावीकडे! हवा टायर थंड असताना मोजावी. धावून टायर तापला की आकडा वाढतो. किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

पुढं मोठ्या रस्त्यावर वेग वाढला, तसं स्टेअरिंग थरथरू लागलं. आठवला का कुंभाराचा गोळा? चाकाची एक बाजू किंचित जड असली तरी ते असंच थरथरतं. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये चाकाच्या कडेला छोटंसं वजन लावून तोल साधला. थरथर थांबली!

मग काकांनी आपली सीट थोडी पुढं घेतली. पाठ टेकलेली, कोपरं किंचित वाकलेली आणि हात कसे? घड्याळात पावणेतीनला काटे असतात तसे, दोन बाजूंना. दर दोन तासांनी ते थांबत, पाय मोकळे करत. आम्हाला घाई होती, पण कुणी कुरकुर केली नाही. ड्रायव्हर दमला, तर चांगली गाडीसुद्धा भरकटते.

परतताना आजी चक्क गाढ झोपली!

तुमची सहल निघेल तेव्हा खिडकीसाठी भांडण्याआधी एवढं विचारा: ओझं कुठं ठेवलंय? हवा बघितली का? आणि काका, तुमची झोप झाली ना?