पोहता येते का? अर्जातल्या एका रकान्याविषयी



मागच्या हिवाळ्यात आम्ही एका विद्यार्थिनीसोबत बसून परदेशातल्या चार आठवड्यांच्या सागरी जीवशास्त्राच्या कोर्सचा अर्ज भरत होतो. मुलगी मराठवाड्यातली, प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करणारी. समुद्र तिने एकदाच पाहिलेला, तोही ६ डिसेंबरला दादरला आली तेव्हा. गुणपत्रिका, प्राध्यापकांची पत्रे, इंग्रजीतले निवेदन, सगळे तयार होते. मग एक रकाना आला : न थांबता दोनशे मीटर पोहता येते का? तिने माउसवरचा हात काढून घेतला.

हा रकाना कुणी आपल्याला अडवायला ठेवलेला नाही, हे आधीच सांगतो. प्रवाळांचा अभ्यास पाण्यात उतरूनच होतो. दोरी अंथरून तिच्याखालचे जीव मोजायचे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चौकट ठेवून नोंदी घ्यायच्या, बोटीतून बारीक जाळी ओढून प्लवक गोळा करायचे. पोहता न येणाऱ्याला समुद्रात कोण नेईल?

पण आपल्याकडे माणूस पोहायला शिकतो कुठे? गावच्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून काका-मामा पोराला आत ढकलतात, आणि आठवड्यात पोरगा मासोळी होतो. ज्या विहिरीच्या काठावर उभे राहायची आपल्या आजोबांना बंदी होती, तिच्यात त्यांचा मुलगा, नातू पोहायला शिकणार कसा? मुलींचे तर बोलायलाच नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी पिण्याच्या हक्कासाठी. पाण्यात निर्धास्त उतरण्याचा हक्क किती घरांपर्यंत पोहोचला, याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही. अमेरिकेतही काळ्यांना सार्वजनिक तरणतलावांत मज्जाव होता, आणि त्याचा परिणाम पुढच्या पिढ्यांच्या पोहण्यावर झाला. बहिष्कार असा अंगात मुरतो. कायदा बदलला तरी हातपाय लगेच शिकत नाहीत.

आमचेच काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, पोटाचे प्रश्न पडले असताना समुद्रातल्या किड्यांचे कौतुक कशाला? त्यांना आम्ही अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचे नाव सांगतो. १८८३ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, चार्ल्स्टनला जन्मलेला हा काळा शास्त्रज्ञ. समुद्री प्राण्यांच्या अंड्यांचे फलन कसे होते, हा त्यांचा विषय. हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचे आणि उन्हाळा आला की वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत जायचे, असे १९०९ पासून वीसेक वर्षे चालले. १९१६ साली शिकागोची पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियातले शिक्षण आटोपून लंडनला निघाले होते. जस्ट यांच्या कामाचा दबदबा होता, तरी एकाही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. १९२९ साली ते इटलीत, नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात गेले, आणि पुढची वर्षे युरोपातच जास्त रमले. घरच्या देशात रंग आधी दिसायचा, तिथे आधी काम दिसले. विलायतेने माणूस म्हणून वागवले आणि बडोद्याने पाणी नाकारले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आम्ही अधिक काय सांगावे!

याच नेपल्सच्या केंद्राची एक पद्धत आपण नीट समजून घ्यावी. आंतोन डोर्न यांनी १८७२ साली ते उभारले आणि खर्च भागवायला ‘टेबल’ भाड्याने देणे सुरू केले. एखादे सरकार किंवा विद्यापीठ वर्षाचे भाडे भरायचे, आणि त्यांनी पाठवलेल्या अभ्यासकाला तिथे बसायला जागा, उपकरणे, ग्रंथालय, रोज ताजे समुद्री प्राणी मिळायचे. अभ्यासकाच्या खिशाला झळ नाही. पुढे १८९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इडा हाइड या संशोधिकेच्या पुढाकाराने पैसे जमवून खास स्त्रियांसाठी एक टेबल घेतले गेले. ज्यांना दारे बंद होती त्यांनी आपल्यासाठी जागा भाड्याने घेतली.

आपले टेबल कोण भरणार? केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही तशीच. या योजना लढून टिकवाव्या लागतात, त्यांचे मोल आम्ही कमी करत नाही. पण चार-सहा आठवड्यांचा कोर्स त्यांत बसत नाही. या मुलीची चौकशी करायला आम्ही एका कार्यालयात गेलो तर खिडकीपलीकडून एकच प्रश्न : डिग्री मिळते का? नाही? मग पुढे या. आणि डिग्रीसाठी परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहायला जावे, तर तो विचारतो, प्रत्यक्ष समुद्रावर काम केले आहे का? ज्यांच्या बापाकडे पैसे आहेत त्यांची पोरे दुसऱ्या वर्षालाच ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळपट्टीवर महिनाभर राहून येतात. त्या महिन्याला मग ‘गुणवत्ता’ म्हणतात.

म्हणून समाजकल्याण खात्याकडे आमची मागणी साधी आहे : मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या अल्पमुदतीच्या कोर्सला विमानभाडे, व्हिसा, विमा आणि शुल्क द्या. तोपर्यंत आपल्यातले नोकरदार दर जयंतीला डीजेवर जो खर्च करतात (राग येईल, येऊ द्या), त्यातल्या थोड्या पैशात दरवर्षी एक टेबल भरले जाईल. बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर.

अर्ज करणाऱ्या मुलांनो, एक सावधगिरी. कासवे वाचवा, डॉल्फिन पाहा, शेवटी प्रमाणपत्र घ्या, अशा सहलीही कोर्स म्हणून विकल्या जातात. पैसे भरण्याआधी विचारा : क्रेडिट कोणते विद्यापीठ देते? शिकवणारे कोण, त्यांचे संशोधन कुठे छापले आहे? स्वतःचा प्रकल्प करायला मिळतो का? शुल्कमाफी आहे का? वुड्स होलसारख्या ठिकाणी आर्थिक मदत मागता येते, आणि ती मागण्यात लाज काही नाही. शिवाय परदेशाच्या आधी आपला किनारा आहेच. मालवणला प्रवाळ आहेत, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

त्या वर्षी तो अर्ज गेला नाही. मुलगी आता नगरपालिकेच्या तलावावर सकाळच्या बायकांच्या बॅचला जाते. सोबत आईलाही नेते, आई काठावर बसते. परवा तिचा फोन आला : सर, पंचवीस मीटर झाले, मध्ये न थांबता. पुढच्या अर्जाची मुदत जानेवारीत आहे.